पोलीस भवनासमोरचं शिल्प: कोटेशनं मागवण्याआधी काय ठरवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात एका नव्या पोलीस भवनाचं काम संपत आलंय. मुख्य दारासमोर गोल चौथरा बांधून तयार आहे आणि त्यावर शिल्प बसवण्याच्या समितीत तुम्हाला नागरिक म्हणून घेतलंय. सॅल्यूट करणारा दहा फुटी जवान करायचा, फायबरचा, वरून ब्राँझचा रंग, हे समितीत जवळपास ठरलंय. तीन कोटेशनं मागवायची, सगळ्यात कमी दराचं घ्यायचं आणि येत्या २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृती दिनी, अनावरण करायचं. तुम्ही विचारलंय की शिल्पकार कोण घ्यावा, माध्यम कोणतं आणि खर्च किती येईल.

मी बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकलो. तेव्हापासून सरकारी इमारती, बँका, रुग्णालयं यांच्यासाठी कामं करतोय आणि निवड समित्यांवरही बसलोय. माझ्या मते तुमचे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. हे शिल्प कोणासाठी उभं करायचं, हे आधी ठरायला हवं, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख कुठेच नाही.

पोलीस भवनाच्या दारातून रोज कोण आत जातं ते आठवून पाहा. मोबाईल चोरीला गेलेला कॉलेजचा मुलगा, पासपोर्टच्या चौकशीला आलेलं कुटुंब, सुनेबरोबर किंवा सुनेविरुद्ध आलेली म्हातारी, शी टीमला, म्हणजे महिलांसाठीच्या पोलीस पथकाला, भेटायला आलेली आणि आत जावं की परत फिरावं अशा विचारात असलेली मुलगी. यातल्या बहुतेकांच्या छातीत धडधड असते. शिवाय बारा-बारा तासांची ड्युटी करून बाहेर पडणारे शिपाई. दहा फुटी जवान सहा फुटी चौथऱ्यावर उभा केला, की तो या सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहतो. त्याचा सॅल्यूट कोणाला आहे? वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांना. बाकीच्या दिवशी तो कुणाशी काही बोलत नाही. जवान करूच नका असं माझं म्हणणं नाही. त्या मुलीला आत पाऊल टाकायला धीर देईल असा जवान करता येतो: बसलेला, वाकून ऐकणारा, जमिनीच्या पातळीवरचा, माणसाच्याच मापाचा. मानवाकृती नसलेलं शिल्पही ते काम करू शकतं. पण हे शिल्पकाराला सुचायला हवं असेल, तर ते त्याला आधी सांगावं लागतं. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन पानांचा ब्रीफ, म्हणजे शिल्पकाराला द्यायचं टिपण. कोण येतं, कोणत्या बाजूने येतं, किती वेळ थांबतं, त्याला काय वाटावं. हा ब्रीफ फक्त साहेबांच्या केबिनमध्ये लिहू नका. रात्रपाळीच्या दोन शिपायांशी, महिला डेस्कवरच्या ताईंशी आणि बाहेर बाकावर ताटकळलेल्या चार लोकांशी बोलून लिहा. त्या एका दुपारीत जे कळतं, ते समितीच्या बैठकांत कळत नाही.

दुसरा गुंता तारखेमुळे झालाय. २१ ऑक्टोबर हा शहिदांचा दिवस. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. म्हणजे समितीच्या मनात स्मारक आहे आणि जागा निवडलीय ती स्वागताची. ही दोन कामं एका मूर्तीकडून करून घेऊ नका. स्मारकापाशी शांतता लागते, उभं राहायला मोकळी जागा लागते, फुलं ठेवायला कट्टा लागतो आणि नावं वाढवायला भिंत लागते. दारात रिक्षा थांबतात, गर्दी असते, घाई असते.

दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २०१८ मध्ये उद्घाटन झालेलं. समितीने ते एकदा पाहून यावं, निदान त्याची छायाचित्रं तरी नीट पाहावीत. शिल्पकार अद्वैत गडनायक यांनी मधोमध तीस फुटी ग्रॅनाइटचा एकसंध दगड उभा केलाय, वजन २३८ टन. तिथे टोपी नाही, बंदूक नाही, सॅल्यूट नाही. नावं वेगळ्या भिंतीवर आहेत, चौतीस हजारांहून जास्त. आपल्या माणसाचं नाव शोधत आलेला त्या भिंतीपाशी थांबतो, आणि दगड सगळ्यांचा राहतो. त्याच जागी आधी दीडशे फुटी पोलादी स्मारक उभं राहिलं होतं. ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००८ मध्ये उतरवावं लागलं. परवानग्या आणि आजूबाजूचा परिसर यांचा विचार आधीच करावा लागतो तो यासाठी.

त्यावरून तुमच्या चौथऱ्याकडे येतो. तो कंपाउंडच्या आत आहे की बाहेरच्या रस्त्यात, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बरंच काही त्यावर ठरेल. सार्वजनिक रस्ते, फूटपाथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. २००६ साली आपल्या गुजरातमधूनच सुरू झालेल्या प्रकरणात तो झाला. चौथरा दारासमोरच्या चौकात असेल तर तिथेच थांबा आणि शिल्प आवाराच्या आत घ्या. आत असेल तरी जमीन कोणाच्या नावावर आहे, इमारत पोलीस हाउसिंग कॉर्पोरेशनने बांधली की आर अँड बीने, म्हणजे रस्ते आणि इमारत खात्याने, ताबा कोणाकडे जाणार, हे कागदावर पाहून घ्या. बोधचिन्हाचंही तसंच. पोलिसांच्या बिल्ल्यावर सिंहमुद्रा असते म्हणून ती शिल्पात आपोआप घेता येत नाही. राजचिन्हाच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे खात्याकडून लेखी खुलासा घ्या.

चौथरा आधी बांधला गेला हे मला खरं तर खटकलंय. त्याच्या आत काय आहे? विटांचं गोल बांधकाम, मध्ये भराव आणि वरून ग्रॅनाइटच्या लाद्या, असं असेल तर त्यावर कुंड्या ठेवता येतील, दहा फुटी मूर्ती नाही. बडोद्याच्या पुष्कळ भागात खाली काळी चिकण माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं उथळ बांधकाम दरवर्षी थोडं हलवते. पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो, बहुतेक वेळा अंडर-रीम्ड पाइल्स, म्हणजे खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, घालून. त्यात विश्वामित्रीचा पूर आहेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या आवारात पाणी किती चढलं होतं ते विचारा आणि लाइटच्या वायरी त्याच्या वर ठेवा.

आवाराबद्दल आणखी एक. पोलिसांच्या जागेत मुद्देमालाच्या गाड्या साचतात. आज मोकळा दिसणारा कोपरा दोन वर्षांत जप्त केलेल्या स्कूटर आणि टेम्पोंनी भरतो, आणि मग शिल्पाभोवती साखळी लावून तिथे पार्किंग होतं. म्हणून शिल्पाभोवतीची मोकळी जागा नकाशावर आखून, अधिकाऱ्यांच्या सहीने ठरवून घ्या. सुरक्षेचंही पाहावं लागतं. पहारेकऱ्याची आणि कॅमेऱ्यांची नजर अडू नये, खाली वस्तू लपवता येईल अशी पोकळी राहू नये, अग्निशमनाची गाडी वळायला जागा राहावी. यासाठी मी नेहमी प्लायवुडची पूर्ण मापाची आकृती कापून आठवडाभर जागेवर उभी करतो. उंची, दिशा, सावली या सगळ्याचे वाद त्यासमोर उभं राहिलं की मिटतात, आणि खर्च किरकोळ.

आता निवडीबद्दल. कमी दराचं कोटेशन घेण्याची पद्धत सिमेंट आणि खुर्च्यांसाठी योग्य आहे, कारण तिथे तिघेही तीच वस्तू देणार असतात. ‘दहा फुटी पुतळा’ ही एक वस्तू नाही. तीन जण तीन वेगळ्या गोष्टींचे भाव देतील, आणि सगळ्यात स्वस्त तो असेल ज्याने सगळ्यात कमी विचार केलाय. यावर माझ्या अनुभवात चाललेला उपाय असा की रक्कम आधीच जाहीर करायची. एवढे पैसे आहेत, यात तुम्ही काय कराल, असं चार-पाच शिल्पकारांना विचारायचं. दराची स्पर्धा संपते आणि कल्पनेची सुरू होते. प्रत्येकाला मॅकेट, म्हणजे शिल्पाचा साधारण दीड-दोन फुटांचा छोटा नमुना, करायला सारखं मानधन द्यायचं, निवड होवो न होवो. फुकट मॅकेट मागितलं की चांगला शिल्पकार येत नाही. परीक्षकांत एक बाहेरचा शिल्पकार, इमारतीचा आर्किटेक्ट, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि त्या भवनात रोज काम करणारा एक पोलीस हवा. हे नियमात कसं बसवायचं ते पैसे कुठून येतात यावर आहे. सरकारी ग्रँट असेल तर हिशेब खात्याशी आधी बोला. एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, असेल तर कला आणि संस्कृतीवरचा खर्च त्यात बसतो, पण देणगीदार नीट पारखा. ज्याच्यावर त्याच शहरात गुन्हा दाखल आहे किंवा होऊ शकतो, अशा बिल्डरच्या नावाची पाटी पोलीस भवनाच्या दारात शोभणार नाही, आणि तपास अधिकाऱ्यालाही ती अडचणीत टाकेल.

कोणाला बोलवायचं? मी इथे नावं सुचवणार नाही, पण तुम्ही बडोद्यात आहात हे मोठं भाग्य आहे. १९५० मध्ये इथली फाइन आर्ट्सची फॅकल्टी सुरू झाली आणि शंखो चौधुरींनी शिल्पविभाग उभा केला. तेव्हापासून नागजी पटेल, ध्रुव मिस्त्री यांच्यासारखे शिल्पकार इथून घडले. आजही शहरात आणि आसपास स्टुडिओ आहेत, ओतकाम करणारे आहेत, दगडाचे कारागीर आहेत. फॅकल्टीत जाऊन विभागप्रमुखांना भेटा, चार स्टुडिओ पाहा. फोटो पाहून निवडू नका. शिल्पकाराचं दहा वर्षांपूर्वीचं एखादं बाहेर उभं असलेलं काम प्रत्यक्ष जाऊन पाहा. सांधे कसे आहेत, पाणी कुठे साचतं, गंज कुठून ओघळलाय, हे तिथेच दिसतं.

माध्यमाबद्दल मात्र मी ठाम आहे: उघड्यावर, ब्राँझचा रंग दिलेलं फायबर नको. बडोद्याच्या उन्हात तो रंग काही वर्षांत फिका पडतो, जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, बारीक तडे जातात आणि मग दरवेळी पुतळा रंगवत बसावं लागतं. सुरुवातीचा खर्च कमी असतो हे खरं, पण पैसे कमी असतील तर मी म्हणेन, ब्राँझमध्ये माणसाच्या मापाची लहान मूर्ती करा, किंवा ध्रांगध्राच्या वालुकाश्मात काम करा. उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि भरीव दगडाचं वजन आठपट. तेव्हा उंची हाच सगळ्यात महागडा निर्णय असतो. पोलीस भवनाला उंचीची गरज आहे असं मला वाटत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये जायचं असेल तर ३१६ ग्रेड मागा. रिफायनरी आणि नंदेसरीच्या कारखान्यांच्या बाजूची हवा ३०४ ग्रेडच्या स्टीलवर तपकिरी डाग पाडते. आणि साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती स्टीलवर फिरवू देऊ नका, तिचे कण तिथेच गंजतात.

ब्राँझ ठरलं तर करारात फक्त ‘ब्राँझ’ लिहून भागत नाही. मिश्रधातू लिहा. आपल्याकडे बरेच जण पंचाऐंशी टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच टक्के असं गनमेटल ओततात. किमान जाडीही लिहा. सात मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरला साधारण साठ किलो धातू लागतो. दहा फुटी उभ्या माणसाचा पृष्ठभाग, कपड्यांच्या घड्या धरून, सात-आठ चौरस मीटर भरतो. म्हणजे आतला सांगाडा सोडून साडेचारशे-पाचशे किलो. कोणी फार स्वस्त भाव दिला तर तो जाडी कापणार हे समजा, आणि तयार काम वजनकाट्यावर घेऊन पैसे द्या.

सांगाड्याकडे तर दुर्लक्ष करूच नका. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. चौकशी समितीने गंज, कमकुवत फ्रेम आणि सदोष वेल्डिंग ही कारणं दिली. आपल्या मराठी मनाला ते दृश्य अजून सलतं. बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. त्या हिशेबाने दहा फुटी आकृतीवर अडीचशे-तीनशे किलोचा आडवा रेटा येतो, आणि उभ्या माणसाच्या मूर्तीत तो सगळा दोन घोट्यांतून खाली जातो. फायबरची मूर्ती हलकी असली तरी वारा तिला तेवढाच रेटतो. म्हणून आतला सांगाडा स्टेनलेसचा हवा आणि तो पायांतून थेट काँक्रीटमध्ये जायला हवा. ब्राँझला साधं लोखंड चिकटलं की ओलीत ते लोखंड झपाट्याने गंजतं. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला सगळ्यात खालच्या ठिकाणी बारीक भोकं ठेवावी लागतात. हे सगळं शिल्पकाराच्या भरवशावर सोडू नका. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या आणि सांगाडा झाकण्याआधी त्याला पाहू द्या.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कारण तांब्याच्या भावाबरोबर ब्राँझचा भाव महिन्या-महिन्याला हलतो. विभागणी सांगतो. माझ्या कामांत एकूण रकमेचा साधारण एक तृतीयांश मूर्तीबाहेर जातो: पाया, चौथरा, इंजिनिअर, क्रेन, वाहतूक, दिवे, पाटी. कोटेशनमध्ये या ओळी नसतील तर त्या नंतर तुमच्याकडेच येतात. पैसे टप्प्याने द्या: मॅकेट मंजूर झाल्यावर, पूर्ण मापाचा मातीचा नमुना मंजूर झाल्यावर, ओतकाम झाल्यावर, बसवल्यावर, आणि थोडी रक्कम एक पावसाळा गेल्यावर. यातला मातीचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा समितीने स्टुडिओत जाऊन, मूर्ती जेवढ्या उंचीवर बसणार तेवढ्या खालून ती पाहावी. गणवेशातला पट्टा, दर्जाच्या फिती, बिल्ला हे जाणत्या पोलिसाने तेव्हाच तपासावं. महाराष्ट्रात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. तुमच्याकडे तसं बंधन नसलं तरी हा टप्पा तुम्ही स्वतःवर घालून घ्या. ओतल्यावर कोणी म्हणालं की टोपी चुकलीय, तर कापून जोडण्यावाचून मार्ग उरत नाही.

करारात शिल्पकाराचे हक्कही लिहा. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांनी सरकारसाठी ब्राँझचं मोठं भित्तिशिल्प केलं होतं. १९७९ मध्ये ते न विचारता उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली त्यांचा हक्क मान्य केला, उरलेलं शिल्प परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. पैसे सरकारने दिले म्हणून कामाची हवी तशी विल्हेवाट लावता येत नाही. उद्या इमारत वाढवायची झाली आणि शिल्प हलवायचं झालं, तर शिल्पकाराला किती दिवस आधी कळवायचं, तो हयात नसेल तर कोणाला विचारायचं, हे आजच लिहून ठेवा. बदलून आलेल्या अधिकाऱ्याला आवडलं नाही म्हणून शिल्प गोडाऊनमध्ये जाऊ नये, याची ती हमी आहे.

देखभालीसाठी एका माणसाचं पद ठरवा, नाव नाही, कारण माणसं बदलतात. ब्राँझला वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, साध्या पाण्याने धुऊन मेण लावलं की पुरतं. मात्र कोणी पितळेचं पॉलिश, ब्रासो, घेऊन ते चकचकीत करायला बसला तर पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा रंगाचा थर, गेला. हा कागद शिल्पाबरोबर भवनाच्या फाइलमध्ये जाऊ द्या. कारंजं जोडायचा मोह आवरा. ध्रुव मिस्त्रींचं बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमधलं १९९३ चं कारंजं जगभर गाजलं, तरी गळतीमुळे तिथल्या महापालिकेला ते बंद करावं लागलं. २०१५ मध्ये त्यात फुलझाडं लावली गेली आणि दुरुस्ती होऊन पुन्हा पाणी यायला २०२२ उजाडलं. तेवढी यंत्रणा आणि तेवढा पैसा आपल्याकडे कोणाकडे नसतो.

राहिली तारीख. ब्रीफपासून बसवण्यापर्यंत नीट केलेल्या ब्राँझच्या कामाला दहा ते चौदा महिने लागतात. माती वाळू नये म्हणून रोज ओली ठेवावी लागते, साच्याला वेळ लागतो, ओतकामवाल्याकडे रांग असते. येत्या २१ ऑक्टोबरला पूर्ण शिल्प मागाल, तर कोणीतरी तयार साच्यातून काढलेला पुतळाच देईल. समितीपुढे त्याऐवजी हे ठेवा: यंदाच्या स्मृती दिनी निवडलेलं मॅकेट भवनात मांडायचं, शहीद पोलिसांच्या कुटुंबांना बोलवायचं, स्मारकाच्या भिंतीवर नाव कसं लिहावं हे त्यांना विचारायचं आणि त्यांच्या सूचना लेखी घ्यायच्या. अधिकाऱ्यांना कार्यक्रम मिळतो, शिल्पकाराला पुढचं वर्ष मिळतं. ही तारीख पुढच्या वर्षावर नेण्याचा ठराव तुम्ही पुढच्याच बैठकीत मांडा. कोटेशनं निघाली की तो मांडता येणार नाही.